थोरला दादा पालथा निजतो

शेन हुइलान कुठल्याही हॉटेलात गेली, की किल्ली हातात असतानाही आधी खोलीचं दार वाजवायची. तीनदा, हलक्या बोटांनी. मग घसा साफ करून म्हणायची, "येऊ ना आत? चारच दिवस राहीन." सामान घेऊन आलेला नोकर इकडेतिकडे बघायचा. हुइलानला त्याचं काही नव्हतं. नाटक कंपनीबरोबर एकोणीस वर्षं गावोगाव हिंडलेली बाई ती. देवळांच्या ओसऱ्यांत झोपली होती, भाताच्या कोठारांत झोपली होती, एकदा तर शवपेट्या बनवणाऱ्या सुताराच्या कारखान्यात, नव्याकोऱ्या पेट्यांच्या मधल्या जागेत. रिकामी दिसणारी खोली रिकामी नसते, आपल्या आधीचं कोणीतरी तिथं असतंच, त्याला विचारून आत शिरावं, हे तिच्या हाडीमाशी भिनलेलं होतं. आत गेल्यावर चपला काढायची त्याही एक दाराकडे तोंड करून आणि एक पलंगाकडे. म्हणजे कोणाच्या मनात आलंच तरी त्या पायात घालून त्याला चालता येऊ नये.

ही मोठी हॉटेलं तिच्या वाट्याला आली ती लेकीमुळे. जुनली क्वांगचौला एका विमान कंपनीत होती. कामासाठी तिला एवढं फिरावं लागायचं, की हॉटेलवाले तिला वर्षाकाठी चार दिवस फुकट द्यायचे. ते चार दिवस ती वाढदिवसाला आईच्या नावावर करायची. शांघायच्या हॉटेलात हुइलान एकसष्टाव्या मजल्यावर राहिली होती. सकाळी पडदा सारला तर ढग खिडकीच्या खाली. तिनं मोजे धुऊन दिव्याच्या झुंबराला वाळत घातले आणि दिवसभर त्या ढगांकडे पाहत बसली. हांगचौला तळ्याकाठच्या हॉटेलात उशांची यादी होती, जेवणाच्या पदार्थांची असते तशी. तिनं सातही प्रकारच्या उशा मागवल्या, सोफ्यावर रांगेत बसवल्या आणि त्यांच्यापुढे एक अख्खा प्रवेश करून दाखवला. उशा फार चांगल्या प्रेक्षक निघाल्या. मधेच उठून गेल्या नाहीत, की सूर्यफुलाच्या बिया फोडत बसल्या नाहीत.

सकाळी उठली, की पलंग ती स्वतःच आवरायची. इतका नेटका, की सफाईवाल्या बाईला वाटायचं, पाहुणी रात्री आलीच नाही.

सत्तरावं लागलं त्या वर्षी जुनलीचा फोन आला. "आई, यंदा लांब नाही. तुझ्या शाओशिंगहून बसनं दीड तास. शीछ्याओ."

"शीछ्याओला कसलं आलंय हॉटेल? तिथं बदकं आणि दारूचे रांजण."

"नदीकाठचं ते मिठाच्या व्यापाऱ्याचं जुनं घर गं. अकरा खोल्यांचं हॉटेल झालंय त्याचं. मासिकात फोटो आलेत."

हुइलानला ते घर चांगलं ठाऊक होतं. मिठाच्या व्यापाऱ्यानंतर ते नाटक कंपनीचं बिऱ्हाड होतं. जुन्या नाटकांवरची बंदी उठली त्या साली, बावीस वर्षांची असताना, ती त्या घराच्या उंबऱ्यातून आत गेली होती. कंपनी मोडली त्या साली बाहेर पडली. त्याला अठ्ठावीस वर्षं झाली होती.

हॉटेलाचा मॅनेजर फू नावाचा तरुण होता. काळा सदरा, आवाज लोण्यासारखा. त्यानं दोन्ही हातांनी तिला चहा दिला आणि सातव्या खोलीची किल्ली दिली. "सगळ्यात सुंदर खोली, शेनबाई. खिडकीखाली नदी."

तिला माहीत होतं खिडकीखाली काय आहे ते. तिनं दार वाजवलं. "येऊ ना आत?" म्हणाली.

याच खोलीत हुइलान धरून कंपनीतल्या आठजणी फळ्या टाकून झोपायच्या. पुरुषांची कामंही बायकाच करायच्या. राजा बाई, सेनापती बाई, आणि सेनापती रात्री घोरायचीसुद्धा सेनापतीसारखी. आता तिथं पांढराशुभ्र टब होता, बरोबर हुइलानच्या फळीच्या जागी. नदीवरचा उजेड आढ्यावर हलत होता, तेवढा मात्र तोच. त्या उजेडाच्या मागं मागं तिची नजर फिरली आणि पलंगावर येऊन थांबली.

उजव्या उशीला टेकून थोरला दादा बसला होता.

दोन वीत उंचीची लाकडी बाहुली ती. गाल रंगवलेले, डाव्या कानाचा टवका उडालेला. अंगात नवा रेशमी अंगरखा. आणि डोळे टक्क उघडे.

"दादा," हुइलान म्हणाली, "अजून जागाच?"

रंगमंचावर हा बाळ व्हायचा. कधी पळवलेला राजपुत्र, कधी नदीत सोडलेलं पोर. पण पडद्यामागं तो बाळ नव्हता. तिथं तो कंपनीच्या देवाचा पहिला मुलगा, सगळ्या नटनट्यांहून वडील, म्हणून थोरला दादा. पेटीतून काढताना त्याला नमस्कार करून "दादा, उठा, काम आहे" म्हणायचं. रंगमंचावर असेतो तोंड वर. पडदा पडला, की "दादा, निजा" म्हणून पेटीत पालथं निजवायचं, तोंड खाली. उताणा ठेवला तर तो झोपत नाही. हिंडत बसतो, आणि तो जागा तर सगळं घर जागं. एकदा एका नव्या पोरीनं गडबडीत त्याला उताणा ठेवला. दुसऱ्या दिवशी तिघींचे आवाज बसले आणि राजा चालता चालता रंगमंचावरून थेट ढोलकीवाल्याच्या मांडीत जाऊन पडला.

हुइलान कधी नायिका झाली नाही. ती दाई, मोलकरीण, शेजारीण. त्यामुळं दादा कायम तिच्याच हातात. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी कूस उजवली नव्हती, तेव्हा एकदा पडद्याआड उभी असताना ती त्याच्या तुटक्या कानात पुटपुटली होती, "दादा, रोज तुला खोटं खोटं जोजवते. एखादं खरं दे. मग मी आहे तोवर तुला मीच निजवीन." पुढच्या वर्षी जुनली झाली. कंपनी मोडली तेव्हा शेवटची पेटी तिनंच भरली. घड्या घातलेल्या झग्यांवर त्याला पालथा निजवला. पेटी होडीतून सरकारी कोठारात गेली. इतकी वर्षं ती निर्धास्त होती, की तो झोपला आहे.

ती तशीच खाली गेली. "मॅनेजरसाहेब, ती बाहुली मला द्या. काय घ्याल ते घ्या."

फू हसला. "आवडली ना? सगळ्यांनाच आवडते. पण शेनबाई, सरकारी कोठारातून मुद्दाम आणलीय ती, आमच्या हॉटेलाची ओळख आहे. लोक तिच्यासाठीच सातवी खोली मागतात." त्यानं खणातून किल्लीला लावायची छोटी बाहुली काढून तिच्या तळहातावर ठेवली. "आमच्याकडून भेट."

त्या बाहुलीला दोन्ही कान होते.

"निदान तिला झोपवा तरी. पालथी."

"म्हणजे मग चेहरा नाही दिसणार," फू अगदी समजुतीनं म्हणाला.

मग हुइलाननं आपलं काम आपणच करायचं ठरवलं. वर गेली, दादाला नमस्कार केला, पालथा निजवला आणि हातरुमाल पांघरला. बाहेर जाऊन वाळवलेल्या मोहरीच्या पाल्यातलं डुकराचं मांस खाऊन दिवेलागणीला परतली, तर दादा पुन्हा उशीला टेकून बसलेला. मांडीवर एक चॉकलेट. तिनं निजवला. सकाळी वाढदिवसाच्या लांब शेवया खाऊन आली, तर पुन्हा बसलेला. पुन्हा निजवला. तिन्हीसांजेला पुन्हा तेच, आणि शेजारी चिठ्ठी: "आपली झोप गोड होवो."

झोप कुठली? दोन रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. तिसऱ्या दिवशी दुपारी मात्र जरा पडली आणि अर्धवट गुंगीत बाकीच्या साती जणी आल्या. पाण्यातून चालत आल्यासारख्या, पाऊल न वाजवता. राजानं दाढी काढून मांडीवर ठेवली होती. सेनापती टबाच्या काठावर बसून पाय चेपत होती. सगळ्यांच्या डोळ्यांखाली काळं. कोणीच रागावलं नव्हतं. नुसत्या दमून बसल्या होत्या, पाळण्यातलं पोर झोपत नाही तेव्हा घरातल्या बायका बसतात तशा. "हुइलान," राजा म्हणाली, "तू उद्या जाशील. मग?"

ती दचकून उठली. आढ्यावर उजेड हलत होता. राजा बोलली ते खरंच होतं. या सगळ्यांतली ती एकटीच उरली होती. उद्या ती गेली, की दादाला निजवायचं असतं हे जगात कोणालाच ठाऊक नसणार.

संध्याकाळच्या सफाईची वेळ झाली तेव्हा ती कपड्यांनिशी कोरड्या टबात जाऊन बसली आणि वाट बघू लागली.

दार उघडलं. पन्नाशीची, ठसठशीत बांध्याची बाई ढकलगाडी घेऊन आत आली. गुणगुणत पलंगाजवळ गेली, दादाला उचलला.

"ठेव त्याला!"

"अगं बाई गं!" तिच्या हातातले टॉवेल उडाले. "कोण ते? मावशी! कपडे घालून टबात काय करताय?"

"पाणी वाचवतेय. तू रोज त्याला उलटा का करतेस?"

"मी? उलटा तुम्ही करता! मी बापडी रोज सुलटा करते. मला वाटलं, मावशींना बाहुलीची भीती वाटते, म्हणून तर चॉकलेट ठेवलं." तिनं गाडीला लटकवलेला फोटो काढून दाखवला. "हा बघा सातव्या खोलीचा फोटो. गादी, दिवा, बाहुली, सगळं फोटोबरहुकूम लागतं. फूसाहेब येऊन ताडून बघतात. गेल्या महिन्यात एक चहाचा पेला बोटभर सरकला होता, तर मला अर्धा तास ऐकावं लागलं."

तिचं नाव त्साई आफांग. आन्हुईच्या डोंगरातून कामाला आलेली. हुइलाननं तिला हात धरून पलंगावर बसवलं आणि सगळं सांगितलं. राजा ढोलकीवाल्याच्या मांडीत पडला तिथं आफांग पोट धरून हसली. कानात पुटपुटल्याचं सांगितलं तेव्हा मात्र तिनं हसू आवरलं.

"तरीच," ती हळूच म्हणाली. "मावशी, या खोलीत कोणालाच झोप लागत नाही. पाहुणे उशा बदलून मागतात. गव्हाच्या कोंड्याची, कापसाची, रबराची. एकानं तर गादी बदलून मागितली. मी सारखी जिना चढउतार करून मेले, आणि इथं हा बसलाय डोळे ताणून!" तिनं दादाकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं. "पिशवीत घाला. न्या घरी. मी काही पाहिलं नाही."

हुइलाननं पिशवीकडे पाहिलं. तोंड उघडंच होतं तिचं. शाओशिंगच्या घरी कपाटात स्वच्छ खण होता. तिचा हात पुढं झालासुद्धा. पण मग आफांगचे फुटलेले, साबणानं पांढरे पडलेले हात तिला दिसले.

"त्याला नेलं तर उद्या तुला घालवतील," ती म्हणाली. "आणि घर त्याचं हेच आहे. त्याला घर नकोय गं, झोप हवीय."

खाली नदीत कोणीतरी वल्हं मारत गेलं.

"मावशी," आफांग एकदम म्हणाली, "साहेब बाहुली बघत नाहीत. फोटो बघतात."

तिनं खिशातून फोन काढला. मग हुइलान उभी राहिली आणि आफांगलाही उभं केलं. "आधी नमस्कार. असा नाही, कंबरेतून वाक. आता म्हण, दादा, निजा."

"दादा, निजा," आफांग म्हणाली आणि लाजली.

"भाजी मागितल्यासारखं नाही! तो थोरला आहे. आवाज खाली, शेवटचं अक्षर लांबव, म्हणजे म्हणता म्हणता त्याची पापणी जड झाली पाहिजे."

चौथ्यांदा तिला साधलं. दादाला उशीवर पालथा निजवला, पांघरायला हुइलानचा हातरुमाल. दिवा लावला, पेला जागेवर सरकवला, आणि जुना फोटो जिथून काढलेला होता तिथं उभं राहून आफांगनं नवा काढला. खाली कार्यालयातल्या यंत्रावर छापून प्लास्टिकच्या पाकिटात घातला.

सकाळी हुइलान दारात चपला घालत होती तेव्हा फू खोली तपासायला आला. फोटो हातात. गादी पाहिली, दिवा पाहिला, पेला पाहिला. उशीपाशी थबकला.

"हे असंच होतं?"

"फोटोत बघा ना, साहेब," गाडीवरचे टॉवेल मोजत आफांग म्हणाली.

त्यानं फोटो बघितला. बाहुली बघितली. पुन्हा फोटो. त्याच्या कपाळावर एक आठी आली, जरा रेंगाळली आणि गेली. मग तो वाकला. फोटोत रुमालाचं टोक दादाच्या खांद्यावर होतं आणि इथं किंचित घसरलं होतं. फूनं दोन बोटांनी ते टोक हळूच वर ओढून खांद्यावर नीट बसवलं.

"हं. आता बरोबर," तो म्हणाला. आवाज आपोआप खाली आला होता त्याचा.

फू आणि आफांग बाहेर आल्यावर हुइलाननं दार ओढून घेतलं. तीनदा वाजवलं, अगदी हलक्या बोटांनी.

बस नदीवरच्या पहिल्या पुलापर्यंत पोचायच्या आतच तिची मान खिडकीला टेकली. शाओशिंगला शेवटच्या थांब्यावर कंडक्टर बाईला तिला हलवून जागं करावं लागलं.