आक्काची असील

माझी थोरली बहीण मुदतीच्या तापाने गेली. हे पहिल्याच ओळीत लिहून ठेवतो, कारण तिच्या सासरी अजून सांगतात की ती कोंबडीमुळे गेली.

तिचं सासर कोरेगावच्या पलीकडे, उसातलं गाव. नवरा पलटणीत, लढाईवर. घरात सासू-सासरे आणि धाकटा दीर. लग्नात आमच्या आईने भांड्यांबरोबर एका डालग्यात असील कोंबड्यांची जोडी दिली होती. ही जात आमच्या माहेरी पूर्वीपासूनची. उंच पाय, ताठ मान, तुरा नावापुरता, पिसं अंगाला घट्ट बसलेली. अंडी थोडी देते, पण पिल्लांवर घार झेपावली तर घारीला माघारी पाठवते.

आक्का चौथीपर्यंत शिकलेली. कोणती तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, कोणत्या नराला द्यायची हे ती सोयरीक जुळवावी तसं ठरवायची. एका आईची पिल्लं पुढे जोडीला ठेवायची नाहीत. दुसऱ्याचा गावठी कोंबडा परसात शिरला तर केरसुणी घेऊन धावायची. नवा नर हवा असला की पाटणकडच्या ओळखीच्या घरून मागवायची. आणि एक कोंबडी तिने गावाच्या टोकाला राहणाऱ्या पिंजारणीकडे अर्धलीने दिली होती, म्हणजे पिंजारणीने ती सांभाळायची आणि होणारी पिल्लं दोघींनी निम्मी निम्मी घ्यायची. साथ आली की एका परसातलं सगळं जातं, दोन परसांत असलं तर काही उरतं, असा तिचा हिशेब होता. मी सांगलीत मास्तर. माझ्या कपाटभर पुस्तकांत मला इतकी दूरची गोष्ट सुचली नसती.

त्या हिवाळ्यात माहेरून आलेली म्हातारी कोंबडी अंडी द्यायची थांबली. तिच्या पायाला नरासारखा काटा फुटला आणि एका सकाळी ती खुराड्यावर उभी राहून आरवली. कोंबडी आरवली की तिला त्याच दिवशी कापायची, नाहीतर घरातलं माणूस जातं, असं तिकडे सगळेच मानतात. आमच्याकडेही मानत. सासूने विळी काढली. आक्काने कोंबडी पदराखाली घेतली आणि म्हणाली, "आवं आत्याबाई, म्हातारपणी आवाज तुमचाबी बदललाय की. तुमास्नी कुणी कापलं का?"

संक्रांतीला मी गेलो तेव्हा हे तिने मला हसत हसत सांगितलं. बाजूच्या खोलीत सासू तीळ निवडत होती. ती हसत नव्हती.

पुढे गुऱ्हाळ लागलं आणि आक्का तापाने पडली. कोरेगावात डॉक्टर होता. घरची बैलगाडी गुळाच्या ढेपा घेऊन रोज कोरेगावला जात होती आणि रोज रिकामी परत येत होती. त्या रिकाम्या गाडीत एका माणसाला बसायला जागा होती, एवढंच मला म्हणायचं आहे. डॉक्टरऐवजी देवऋषी आला, कारण तो चालत आला. त्याने कोंबडीचं विचारलं. म्हातारी कापली गेली. ताप उतरला नाही, तेव्हा एकेक करून बाकीच्या कापल्या. परसाला लागूनच आक्काची खोली. तिला ऐकू येत असणार. मला निरोप आला तो ती गेल्याचा.

तेराव्याला आलेल्या बायकांना सासू एकच गोष्ट सांगत होती. "कोंबडी आरवली तवाच मी म्हणलं हुतं. पोरीनं ऐकलं न्हाई." बायका माना हलवत होत्या. म्हणजे माझी बहीण मेली, आणि आपल्या मरणाला तीच जबाबदार ठरली. मी सासऱ्यांना बाजूला घेऊन डॉक्टरचं विचारलं.

"गुऱ्हाळ चालू हुतं, मास्तर," ते म्हणाले. "बैल मोकळं नव्हतं."

आवाज त्यांनी चढवला नाही, की नजर चुकवली नाही. आजही राग येतो तो त्या शांतपणाचा.

मी तसाच निघालो. गावाच्या टोकाला पिंजारीण डालगं घेऊन उभी होती. आत एक नर आणि दोन तलंगा. म्हणाली, "ह्यो तुमच्या भणीचा वाटा. घरी द्याया गेले तर सासूनं उंबऱ्याच्या आत घेतलं न्हाई." आणि डालगं माझ्या हातात देत, "मी तिचा वाटा कसा ठेवू?"

ते डालगं मांडीवर घेऊन मी गाडीने सांगलीला आलो. शहरातल्या घरमालकाला कोंबड्या चालेनात, म्हणून कुपवाडच्या वाटेवर परस असलेली जागा घेतली. आक्का सांगायची ते आठवून आठवून पाळल्या. चुकलो तिथे पिल्लं गेली, पण जात टिकली. पुढे एका इंग्रजी पुस्तकात वाचलं की म्हातारपणी कोंबडीच्या पोटातला अंड्यांचा भाग सुकला की ती नरासारखी वागू लागते, आरवतेही. सगळा खुलासा अर्ध्या पानात होता. ते पान मी किती वेळ उघडं ठेवून बसलो होतो.

लढाई संपल्यावर दाजी आले. दुसरं लग्न झालं होतं. चहा घेताना म्हणाले, तालुक्यात अशी असील आता कुणाकडे नाही, लोक आमच्या घरची असील म्हणून विचारत येतात, तर एक जोडी द्या.

आमच्या घरची. मी कप खाली ठेवला.

"ही तुमच्या घरची नाही, दाजी. आक्काची आहे. तरी जोडी देतो. घरी जाऊन आईंसमोर एवढंच म्हणा, की ती तापानं गेली."

त्यांनी बशीतला चहा संपवला. "आता त्याचं काय, पाव्हणं," म्हणाले. "म्हातारीला कशाला दुखवायचं?"

मी उठलो आणि दाराशी ठेवलेलं त्यांचं डालगं रिकामंच उचलून त्यांच्या हातात दिलं. तळाला त्यांनी मऊ गवत अंथरून आणलं होतं, वाटेत कोंबड्यांना धक्के बसू नयेत म्हणून.