बोंबलांच्या लादीखाली

सेलेस्टिनला स्वस्थ बसता येत नाही, हे अख्ख्या तारोडी गावाला ठाऊक होते. लेक स्टेफनीचे लग्न ठरल्यापासून मात्र तिच्या अस्वस्थतेला एक ठिकाण मिळाले होते: मागल्या खिडकीच्या फळीवरची बोटभर उंचीची काचेची कुपी. कुपीच्या तळाशी औषधाची पट्टी असे. विहिरीचे पाणी भरायचे, झाकण घट्ट लावायचे आणि दोन दिवस थांबायचे. पाणी पिवळसर राहिले तर बरे. काळे पडले तर त्यात मैल्याचे जंतू आहेत असे समजायचे. थांबणे तेवढे तिला जमत नव्हते. चुलीवर भात ठेवून ती कुपी पाहून येई, मासळी निवडता निवडता खवल्यांच्या हातानेच पुन्हा उठे.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका वाजतगाजत घरच्या विहिरीवर जातात, तिला थोडी ताडी वाहतात आणि भरलेल्या घागरींनी नवरीला किंवा नवऱ्यामुलाला न्हाऊ घालतात. याला उंबराचे पाणी म्हणतात. सेलेस्टिनचा दिवंगत नवरा मायकेल आणि त्याच्या बहिणी याच विहिरीच्या पाण्याने न्हाले होते. स्टेफनीनेही न्हावे, एवढीच सेलेस्टिनची इच्छा होती. लग्नाला सात आठवडे उरले होते आणि पहिली कुपी एका रात्रीत काळीठिक्कर पडली होती. तिने दोनदा ब्लीचिंग पावडर टाकली. तीन-चार दिवस पाणी शुद्ध राही, मग कुपी पुन्हा काळी.

दोष कोणाचा, याविषयी तिला शंका नव्हती. वर उतारावर पाच वर्षांपूर्वी चाळ झाली होती. तिथे रत्नागिरीकडचा गवंडी धर्माजी बायकोसह राहत असे. ती तडक तिथे पोहोचली.

"धर्माजी, तुमच्या चाळीची घाण माझ्या विहिरीत उतरते. माझ्या लेकीचं लगीन हाय!"

धर्माजीने हातातली थापी खालीही ठेवली नाही. "बाय, टाकी मी स्वतः बांधलीय. तीन कप्पे, तळाला सिमेंट. शेवटचं पाणी खडी घातलेल्या कर्दळीच्या वाफ्यात जातं. चला, वास घेऊन बघा."

"वास घ्यायला न्हाय आले मी!"

"मग चहा घ्या," आतून त्याची बायको मंदा म्हणाली.

सेलेस्टिनने चहा घेतला नाही. पुरावा म्हणून चाळीच्या हातपंपाचे पाणी तेवढे कुपीत घेतले. ती कुपी दोन दिवस पिवळी राहिली. तिसऱ्या दिवशीही पिवळीच. ती काळी पडली असती तर सेलेस्टिनला इतके कासावीस वाटले नसते. जमिनीखालचे पाणी उताराने समुद्राकडे जाते. वर ते निर्मळ आणि खाली नासलेले असेल, तर घाण मध्येच कुठेतरी मिसळत होती. मध्ये दुसरे काहीच नव्हते, फक्त तिचे स्वतःचे परसू होते.

परसात सिमेंटची एक लादी होती. वीस वर्षांपूर्वी घरी नळ आला, संडास बांधला, तेव्हा उन्हाळ्यात आटणारी दुसरी जुनी विहीर मायकेलला आयता खड्डा वाटली. शेजारच्या चार घरांनीही तेच केले होते. त्याने नळी तिच्यात सोडली आणि वर लादी ओतली. लादी उन्हात छान तापत असे. सेलेस्टिन तिच्यावर वीस वर्षे बोंबील वाळवत आली होती.

ती पुन्हा चाळीत गेली. या वेळी धर्माजीने थापी खाली ठेवली.

मैला उपसणारी गाडी बोलावून खड्डा रिकामा केला, नळी तोडली आणि खड्डा मुरुमाने बुजवला. जुन्या विटांची तीन कप्प्यांची टाकी उभी राहिली. खडीच्या वाफ्यासाठी कर्दळीचे कंद मंदाने दिले. वापरातली विहीर दोनदा उपसून काढली.

"आता किती दिवस?" सेलेस्टिन रोज विचारी.

"माती वीस वर्षं पीत होती, बाय. तिला उतरायला वेळ द्या."

वेळ तर नव्हताच. उंबराच्या पाण्याच्या दिवशी दुपारी तिने शेवटची कुपी पाहिली. एका रात्रीऐवजी दीड दिवस लागला होता, पण ती काळी पडली होती. घरात कोणी नव्हते. कुपी समुद्रात फेकता आली असती.

संध्याकाळी बँड वाजत आला. बायका घागरी घेऊन विहिरीपाशी जमल्या. सेलेस्टिनने कुपी काठावर ठेवली.

"पाणी काढू नका. आपल्याच संडासानं विहीर नासलीय. त्या लादीखाली उतरत होतं सगळं."

बँड थांबला. मायकेलची थोरली बहीण लादीच्या जागेकडे पाहत राहिली. "म्हणजे तुझे बोंबील..."

"मागून मागून नेलेत तुम्ही," सेलेस्टिन म्हणाली.

कोणीतरी फिसकन हसले. स्टेफनी दारात उभी होती. ती हसली नाही. "मग मला न्हाऊ घालणार कशानं, आई?"

सेलेस्टिनने रिकामी घागर काखेला लावली, विहिरीला वाहायची ताडीची बाटली उचलली आणि ती चाळीची चढण चढू लागली. बँडवाल्यांनी एकमेकांकडे पाहिले आणि ते वाजवत मागे निघाले.

मंदा दारातच उभी होती. "आज वास घ्यायला?"

"पाणी मागायला. लेकीच्या न्हाण्याला."

मंदाने पदर खोचला आणि हातपंपाचा दांडा धरला. सेलेस्टिनने तिला हातानेच थांबवले, बाटली उघडली आणि पंपाच्या बुंध्याशी ताडीची धार सोडली.

"अहो, चाळ झिंगेल!" धर्माजी ओरडला.

"झिंगू दे," सेलेस्टिन म्हणाली आणि तिने घागर धारेखाली धरली.