झुरळांचा गेट पास

चहा गार झाला तरी चालेल, पण हे ऐकाच. माणूस पारखण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. तर त्या पारखीची ही गोष्ट.

माझं चिंचवडला पेस्ट कंट्रोलचं छोटं काम आहे. घरं, हॉटेलं, कंपन्यांची कँटीन, जिथं झुरळं तिथं आम्ही. आधी माझ्याकडे जो माणूस होता तो कामात वाघ. पण गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात शिरला, की औषध मारता मारता डबेही उघडून बघायचा. एका काकूंच्या चकल्या अशाच अर्ध्या झाल्या. तेव्हाच ठरवलं, काम काय, शिकवता येतं. वळण कुठून शिकवणार? आता माणूस घ्यायचा तो स्वभाव बघूनच.

आमच्या गाळ्याचे मालक तात्या, मूळचे चाकणकडचे शेतकरी. त्यांना म्हटलं, "तात्या, एखादा सरळ माणूस बघा ना."

"हाय की. आमच्या भावकीतला सोपान. खोटं बोलायचा न्हाई, कुनाच्या वस्तूला हात लावायचा न्हाई. लई मायाळू. मुंगीसुदिक मारायचा न्हाई."

"तात्या, मला असाच माणूस पाहिजे."

हो, असंच म्हणाले मी. डोक्यावर पेस्ट कंट्रोलचा बोर्ड, आणि त्याच्याखाली उभी राहून म्हणाले.

सोपान आला. चाळिशीचा, हसतमुख, गळ्यात माळ. पंप कसा धरायचा ते मी गाळ्याच्या भिंतीवर पाणी मारून शिकवलं आणि त्याला कामावर धाडलं. मग काय विचारता, कौतुकाचे फोन सुरू झाले. "अहो, औषधाचा वाससुद्धा आला नाही." "जाताना ओटा घासून गेला हो." "कोपऱ्याकोपऱ्यात कडुलिंबाचा पाला ठेवलाय, किती काळजी!"

संध्याकाळी मी विचारायचे, "झालं का काम?"

"झालं ताई. गेली समदी."

आणि खोटं तर तो बोलतच नव्हता.

महिना झाला तरी औषधाचा कॅन भरलेलाच. मी कौतुकानं नवऱ्याला दाखवला, "बघा, किती पुरवून वापरतो." नवरा एका कंपनीत क्वालिटी खात्यात आहे. त्यानं कॅन हलवून बघितला.

"पुरवून म्हणजे? उघडलाय तरी का हा?"

"तुम्हाला सगळ्यांतच खोट दिसते," म्हणून मी विषय संपवला.

आमच्या धंद्याचा कणा म्हणजे चाकणच्या एका कंपनीचं कँटीन. ते काम गेलं तर गाळा बंद करायची पाळी. तिथं परदेशातून मोठे साहेब पाहणीला येणार होते. कँटीनच्या मॅनेजरांनी बजावलं, "मॅडम, तुमचा सगळ्यात भरवशाचा माणूस पाठवा." मी सोपानला पाठवलं. निघताना सांगितलं, "आत एकही झुरळ दिसता कामा नये."

दुपारी फोन आला. "मॅडम, गेटवर या. आत्ताच्या आत्ता."

झालं होतं असं. सोपाननं सकाळपासून गुळाचे खडे ठेवून झुरळं एका पत्र्याच्या डब्यात गोळा केली होती आणि ती बाहेरच्या ओढ्याकाठी सोडायला निघाला होता. पण कंपनीच्या गेटातून बाहेर जाणारी प्रत्येक वस्तू तपासतात, हे तुम्हाला माहीत आहेच. गार्डनं अडवलं.

"डब्यात काय आहे?"

"झुरळं."

"कंपनीची?"

"व्हय, हितलीच."

"मग गेट पास दाखवा."

गेट पास कुठला? गार्डनं खात्री करायला झाकण उघडलं. नेमकी त्याच वेळी मोठ्या साहेबांची गाडी गेटवर थांबली होती, आणि मोठ्या साहेबांनी, काय चाललंय म्हणून, काच खाली केली होती.

मी पोचले तेव्हा गार्ड केबिनमधल्या टेबलावर उभा होता आणि सोपान खाली बसून एकेक झुरळ हळुवारपणे परत डब्यात भरत होता.

"अरे, औषध का नाही मारलंस?"

"त्येनं मरत्यात ना, ताई."

"मग आपला धंदा काय आहे?"

"कंट्रोल," तो शांतपणे म्हणाला. "बोर्डावर लिवलंय. मारायचं कुटं लिवलंय? आन् तात्यांनी सांगितलं व्हतं की तुमास्नी, मुंगी मारत न्हाई म्हून. तुमी म्हनला, असाच मानूस पायजे."

मला असा राग आला होता म्हणता! पण काढायचा कुणावर? म्हणाले होते तर मीच.

काँट्रॅक्ट त्याच दिवशी गेलं. घरी तोंड दाखवायची सोय राहिली नाही, कारण नवरा येता-जाता नुसता कॅनकडे बघायचा.

काही दिवसांनी मॅनेजरांचा फोन आला. मला वाटलं, आले वळणावर. जीव अगदी हरखला.

"मॅडम, तुमचा तो सोपान आम्ही स्टोअरला घेतोय. गार्डनं विचारल्यावर ज्यानं झुरळंसुद्धा लपवली नाहीत, असा माणूस शोधून सापडायचा नाही. तुम्ही काय सांगाल त्याच्याबद्दल?"

आता खोटं कशाला बोलू? अगदी मनापासून सांगितलं, "साहेब, मुंगीसुद्धा मारणार नाही."

"ते कळलंय, मॅडम," ते म्हणाले. "म्हणून तर तुमच्या जागी दुसरे बोलावलेत."