बिनविरोध

"हो म्हणून टाकलं म्हणजे काय? कोणाले इचारून?" सुजातानं तिसऱ्यांदा विचारलं.

प्रेमानंद चरोद्याच्या रेल्वे यार्डातून ड्यूटी करून आला होता. अजून बूटही काढले नव्हते. दुपारी सुजय सरांचा फोन आला होता, तिला नाही, त्याला. वाचा-उपचार करणाऱ्यांच्या छत्तीसगढ राज्य संघटनेत अध्यक्षपदासाठी सुजातानं अर्ज भरला होता. ती तो मागे घेईल, असं नवऱ्यानं सांगून टाकलं होतं. मुदत उद्या पाचपर्यंत होती.

"एवढा मोठा माणूस. सोताहून फोन केला त्यानं. नाई म्हणू का त्याले?"

"मायाजवळ फोन नाई का?"

"तू ऐकली असती का?"

"नाई. म्हणूनच तुमाले केला."

सुजाता चौदा वर्षं नोकरी करत होती त्या क्लिनिकचे सुजय सर मालक, आणि संघटनेचे दोन वेळचे अध्यक्षही तेच. या संघटनेत मतदान कधी होतच नसे. रायपूरला चार जणांच्या जेवणात नावं ठरायची, बाकीचे अर्ज मागे घ्यायचे आणि टाळ्या वाजवून निवड बिनविरोध जाहीर व्हायची. एखाद्या बाईचा अर्ज उरलाच, तर तिच्या नवऱ्याला फोन जायचा. नवरे समजूतदार असायचे.

पण सुजाताला खुर्ची नको होती. तिला तपासणीची एक पद्धत मोडायची होती, आणि त्या पद्धतीनं तिच्या हातून जे झालं ते तिला विसरता येत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी तिची सासू रुक्मा लकव्यानं पडली. उजवा हात गेला, बोलणं गेलं. क्लिनिकमध्ये तपासणी सुजातानंच केली. चित्रांची कार्डं पुढे मांडायची आणि ठरलेले हिंदी प्रश्न विचारायचे, असा शिरस्ता होता. कार्डं सरांनीच बसवलेली, राज्यभर तीच चालत. घरात सासूशी एक अक्षर हिंदी न बोललेली सुजाता टेबलाच्या पलीकडे बसली आणि सवयीनं म्हणाली, "माताजी, कंघी दिखाइए।" बाजारापुरती हिंदी रुक्माला यायची, पण लकव्यानं आधी तीच नेली होती. ती नुसती बघत राहिली. सुजातानं फॉर्मवर लिहिलं : समज जवळजवळ नाही.

त्या ओळीवर घर तीन आठवडे चाललं. रुक्माला कोणी काही विचारेना. नणंदा आल्या आणि तिच्या खाटेवर बसून तिच्याच साड्या वाटून घेऊन गेल्या. मग एका सकाळी सुजातानं मुलीला हाक मारली, "दीक्षा, फणी कुठं ठेवली व?" रुक्मानं डावा हात उचलून खिडकीकडे बोट दाखवलं. फणी तिथंच होती. म्हणजे साड्यांचंही म्हातारीला सगळं समजलं होतं.

सुजातानं जुन्या फायली काढल्या. कुम्हारीची एक आजी, भिलाई-तीनची एक, कोणी छत्तीसगढी बोलणारी, कोणी आपल्यासारखी मराठी. सगळ्यांच्या फॉर्मवर तिच्याच अक्षरात तीच ओळ. त्यांच्या घरी काय काय वाटून झालं असेल, कोण जाणे. माणूस घरात जे बोलतो त्यात त्याची तपासणी करा, एवढंच ती सरांकडे मागत होती. सर हसले होते. घर की बात को साइंस मत बनाओ, म्हणाले होते.

"अन् शीलाले काय सांगू?" सुजाता म्हणाली. कुम्हारीच्या सरकारी केंद्रातल्या शीलानं सूचक म्हणून सही केली होती. "ठेक्यावर नोकरी हाये तिची. तरी भ्याली नाई."

"तू फायदा पाय ना. भिलाईच्या सेंटरची इंचार्ज बनवतो म्हणते तो."

"अजून काय म्हणे?"

प्रेमानंद वाकून बुटाची नाडी सोडू लागला. "म्हणे, आप लोगों को तो खुश होना चाहिए।"

"आप लोग म्हणजे कोण?"

नाडीला गाठ बसली होती. नाव न घेता जात काढणारा हा सूर यार्डात बावीस वर्षं त्यानं ऐकला होता, आणि दर वेळी चहाबरोबर गिळला होता. फोनवरही गिळला.

खाटेवरून रुक्मा बोलली. दोन वर्षांत बोलणं थोडं परत आलं होतं, तरी एकेक शब्द ओढून आणावा लागत होता. "तिले... इचारलं... का?"

"माय, तू मधात नको बोलू. तुले नाई समजत हे."

दीक्षानं पुस्तकातून मान वर केली. सुजातानं गॅस बंद केला. भाजी अर्धी कच्ची होती.

"ते मी लिहिलं होतं," ती म्हणाली. "माई चूक होती. तुमी अजून तेच वाचून राहिले."

प्रेमानंदनं मोबाईल उगाच उलटा करून ठेवला. चढ्या आवाजाची वाट पाहत तो बसला होता, पण तिचा आवाज उतरला होता आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटली.

"मी अर्ज मागं घेत नाई. सरले तुमीच कळवा, आजच. क्लिनिकमधून काढलं तं काढलं, हरली तं हरली. रविवारी रायपूरले मतदान हाये. मी अन् शीला सकाळी सहाच्या बसनं जाऊन राहिलो. त्या दिवशी आईचं जेवण तुमी बनवा. काय खायाचं ते तिले इचारा."