पेशंट दोन, चौकशी एकाचीच

मंडळी, आज डोकंच फिरलं.

लिव्हर ट्रान्सप्लांटनंतर नुकताच धंतोलीच्या दवाखान्यातून घरी आलोय. औषधांनी हात थरथरतात, कूस बदलली तरी जीव जातो. त्यात उमरेडहून काका भेटायला आले. माझी सगळी चौकशी केली आणि बायकोला म्हणाले, "सूनबाई, चहा मांड ना वं जरा."

ती बिचारी टाक्यांवर हात दाबून उठायला लागली.

मी ओरडलोच, "काका, मले लिव्हर तिनंच देल्लं! तिचं बी पोट फाडलं हाये. तुम्हीच मांडा चहा!"

काका खरंच स्वयंपाकघरात गेले. पलंगावरून बायको म्हणाली, "काका, अद्रक बी टाकजा."

लिव्हर देणारी बाई पेशंट नसते का हो?