अंगणातल्या व्हॅनची उत्तरपूजा

आमच्या अंगणात एक मेलेली व्हॅन उभी होती आणि माझी सासू पलंगावर पडून होती. ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे घरात मला एकटीलाच दिसत होतं. बाकीच्यांच्या डोळ्यांवर झापडं.

सासू न्हाणीत घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. घरी सोडताना कर्जतच्या डॉक्टरांनी बजावलं, "रोज वॉकर धरून चालवा. सपाट, मोकळ्या जागेत. बसून राहिल्या तर पुन्हा उठायच्या नाहीत." आता कडावात आमच्या घरी सपाट जागा म्हणजे कुठली? आत खोलीखोलीला उंबरे. मागे गोठा, तिथे शेण आणि चिखल. रस्त्यावर न्यावं तर फार्महाऊसवाल्यांच्या गाड्या अशा सुसाट येतात, की धडधाकट माणसानेही शेतात उडी मारावी. राहिलं पुढचं अंगण. ओट्यापासून तुळशीपर्यंत गुळगुळीत कोबा केलेला. आणि त्या कोब्यावर, बरोब्बर मधोमध, ही बया.

व्हॅन सासऱ्यांची. रस्त्याकडेचा जमिनीचा तुकडा विकला तेव्हा घेतलेली, आळीतली पहिली चारचाकी. खोटं कशाला बोलू, तिने लोकांची कामं केली. आळीतल्या कितीतरी बायका तिच्यातूनच बाळंतपणाला कर्जतला गेल्या. पण सासरे गेले आणि तीही बसली. माझे मोठे दीर खोपोलीला कारखान्यात आहेत, फ्लॅटमध्ये राहतात. ते म्हणाले, "दुरुस्त करतो आणि मीच नेतो." त्याला किती पावसाळे झाले देव जाणे! टायर बसले, पत्र्याला भोकं पडली, आत कोंबड्या अंडी घालायला लागल्या. शेजारीण टपावर पापड वाळत घालायची. माझ्या नवऱ्याने मागच्या सीटवर खताच्या गोण्या रचल्या. तरी तिला गाडीच म्हणायचं!

मी विषय काढला की नवरा म्हणायचा, "दादाला इचारतो." दादाला विचारलं की दादा म्हणायचे, "बाबांची आठवण हाय ती. आईला काय वाटंल?"

आईला काय वाटंल! अहो, आई तुमची इथे पलंगावर आढ्याकडे बघत पडलीय, तिला काय वाटतं ते येऊन विचारा की! उचलली जीभ, लावली टाळ्याला. आणि आठवण एवढी प्यारी असेल तर न्या खोपोलीला. ते नाही. "आमच्या बिल्डिंगला पार्किंग नाय." बिल्डिंगला पार्किंग नाही म्हणून माझ्या सासूने पाय गमवायचे? मी हे नवऱ्याला विचारलं तेव्हा तो पंप बघायला म्हणून शेतावर निघून गेला.

दसऱ्याला दीर बायकोला घेऊन आले. दसऱ्याला आमच्याकडे घरातलं प्रत्येक हत्यार, प्रत्येक यंत्र पुजतात. कोयते, विळे, पंप, मोटरसायकल, सगळं. भावजींनी आल्या आल्या बादली घेतली आणि व्हॅन धुवायला घेतली. आईला धरून चार पावलं चालवायला वेळ नाही, पण व्हॅनला शाम्पू! मग बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, झेंडूचा भलामोठा हार, आणि चाकाखाली लिंबू. गाडी पुढे निघाली की ते लिंबू फुटायला हवं, अशी रीत. ही निघणार होती कुठे? डोक्यात अशी तिडीक गेली माझ्या!

"भावजी," मी म्हटलं, "भंगारात द्या हिला. आईंना चालायला जागा नाही."

"सणासुदीचं काय बोलतेस तू!" भावजी हातातलं तबक तसंच धरून राहिले. "पुजलेली गाडी भंगारात देतात व्हय?"

म्हणजे दरवर्षी पुजायची, पुजली म्हणून ठेवायची, आणि ठेवली म्हणून पुन्हा पुजायची! नवरा मान खाली घालून आपट्याची पानं निवडत बसला होता. त्याच्याकडून काही निघेल ह्याची आशा नव्हती. मग मीच बोलले, आणि चांगलं गल्लीत ऐकू जाईल असं बोलले.

"गणपतीपेक्षा मोठी लागून गेली का ही? त्याची तर आपण प्राणप्रतिष्ठा करतो. तरी दिवस भरले की उत्तरपूजा करून उठवतोच ना? खुद्द देव उठतो आणि ह्या डबड्याचा मुक्काम कायमचा?"

जाऊबाई पदराआड हसल्या असं मला वाटलं. तेवढ्यात आतून सासूचा आवाज आला.

"खरं हाय तिचं. दही-पोहे कर गं. आन् मला उठव."

जाऊबाईंनी आणि मी तिला दोन्हीकडून धरून ओट्यावर आणलं, पायरीवरून उतरवलं. दोन पावलांवर व्हॅन होतीच. सासूने एका हाताने वॉकर घट्ट धरला आणि दुसऱ्या हाताने बॉनेटवर अक्षता टाकल्या. दह्याचं बोट लावलं. पोह्यांची वाटी ठेवली. गणपतीच्या उत्तरपूजेला करतो तसं अगदी सगळं.

"लय केलंस बाई आमचं," ती म्हणाली. "आता जा. आन् परत येऊ नको."

मग दिरांकडे वळली. "इतकी वर्सं आईला काय वाटंल, आईला काय वाटंल. मला कदी इचारलंस का रं?"

भावजींचा चेहरा एवढासा झाला. उत्तरपूजा झाली की मूर्ती जागची हलवायची असते, तशी हीही हलवायला हवी होती. भावजी, नवरा आणि शेजारचे दोघे असे चौघांनी मिळून धक्का मारला. व्हॅन कुरकुरत वीतभर सरकली आणि चाकाखालचं लिंबू एकदाचं फुटलं.

दसरा उलटला आणि खोपोलीचा भंगारवाला टेंपो घेऊन आला. टोचन लावून त्याने तिला फाटकाबाहेर ओढली, तेव्हा एक कोंबडी आतून ओरडत उडाली. नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, नाही असं नाही. माझा राग व्हॅनवर नव्हताच मुळी. कोब्यावर तेलाचा काळा डाग राहिला, तो सोडा टाकून घासला तरी गेला नाही.

सासू रोज चालायला लागली. आधी डागापर्यंत, मग त्याच्या पुढे. दिवाळीच्या तोंडावर ती तुळशीपाशी पोचली आणि स्वतःच्या हाताने तिने पाणी घातलं. मी ओट्यावर बसून हमसून हमसून रडले. ती म्हणाली, "रडतेस काय गं, तांब्या भरून आण आणखी."

आणि भाऊबिजेनंतरच्या रविवारी भावजी आले ते नवीकोरी गाडी घेऊन. हॉर्न वाजवत फाटकातून आत घेतली, थेट त्या डागावर उभी केली, आणि पेढ्यांचा बॉक्स घेऊन उतरले.

"तिकडं पार्किंगचा लय त्रास हाय गं," ते मला म्हणाले. "आता अंगण रिकामंच हाय, तर म्हटलं हिला इथंच ठेवतो. मी बसनी जात जाईन."

रिकामंच हाय! आयत्या बिळावर नागोबा तो हाच. माझ्या तोंडात इतक्या वर्षांचं सगळं एकदम आलं. पण मी तोंड उघडायच्या आत 'ठक' असा आवाज झाला. तुळशीकडून परत येणारी सासू गाडीसमोर उभी होती आणि तिने वॉकरचा पाय बॉनेटवर आपटला होता.

"आई, नवी हाय ती!" भावजी ओरडले.

"तिनं जल्मभर माणसं वाहिली, म्हणून तिला दही-पोहे तरी दिले," सासू म्हणाली. "हिला ते पण नाय मिळायचे. काढ रं बाहेर."