स्टिअरिंगला गेलेले तडे

कंपाउंडर कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी तिला नखाने टिचकी मारायचे. चहाची बशी असो, साबणाची डबी असो, नाहीतर दवाखान्यात कण्हत आलेल्या माणसाचं मनगट असो. कान जवळ नेऊन ऐकायचे आणि निकाल द्यायचे, "तडा हाय, तुटलं न्हाई." मनगटाला टिचकी मारून काय कळतं, हे आम्ही कुणी विचारलं नाही. पेशंट मात्र निम्मा बरा व्हायचा.

असं एखादं माणूस तुमच्याही गावात असेल. त्याचं खरं नाव कुणाला ठाऊक नसतं, आणि त्यावाचून कुणाचं अडतही नाही. आमच्या बेलापुरात ते कंपाउंडर होते. मी फोटोवाला, म्हणून ते मला फोटोवाले म्हणायचे. आमचा हिशेब बरोबरीचा होता.

जुने डॉक्टर म्हातारपणी मुलाकडे राहायला गेले, तेव्हा आपली विलायती मोटार कंपाउंडरना बक्षीस देऊन गेले. गाव म्हणालं, बक्षीस कसलं, गळ्यात लोढणं बांधलं. कंपाउंडर तिला रोज पुसायचे. इंजिन ठणठणीत होतं. दुखणं सगळं प्लास्टिकचं. दिव्यांची झाकणं फुटकी, दारांच्या मुठी चिरलेल्या. सगळ्यांत वाईट स्टिअरिंग. वर्षानुवर्षं ऊन खाऊन त्याला एवढे तडे गेले होते, की जोरात धरलं तर तळहाताची कातडी चिमटीत सापडायची.

नगरचा एक मेकॅनिक म्हणाला, "याचे पार्ट आता कुठंच मिळायचे न्हाईत. जीपचं स्टिअरिंग टाकून देतो."

कंपाउंडर म्हणाले, "म्हातारीच्या हाताला पोरीचा पंजा बशिवता व्हय?"

आणि दुसऱ्या दिवशी माझ्या स्टुडिओत हजर. "फोटोवाले, वाया गेलेल्या फिलमा हायेत का?"

फोटोवाल्याकडे दुसरं काय असतं? डोळे मिटलेली नवरी, हललेला नवरा, शिंकताना सापडलेले सरपंच. मी पुडकं बांधून दिलं. ते या फिलमा गरम सोड्याच्या पाण्यात घालून त्यांवरचं चित्र धुऊन काढायचे. उरलेल्या कोऱ्या फिलमचे तुकडे करायचे आणि दवाखान्यातल्या क्लोरोफॉर्मच्या बाटलीत टाकून बूच घट्ट लावायचे. तुकडे विरघळून त्याचा डिंक व्हायचा. त्यात दिव्याची काजळी कालवायची आणि काडीने एकेका तड्यात भरायची. ही विद्या त्यांना कुणी शिकवली ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. विचारलं की म्हणायचे, "जखम भरायची ती भरायचीच. मानसाची काय अन् मोटारीची काय."

त्यांच्या अंगाला तो गोडसर वास कायम असायचा. गाडी चालवताना मला शेजारी बसवून म्हणायचे, "सरपंचाला डावीकडं वळवू का उजवीकडं?" आणि स्वतःच खो खो हसायचे.

त्यांना एकुलता एक मुलगा, बाळू. त्याला अठरावं सरलं तसे ते त्याला लायसनच्या फोटोसाठी घेऊन आले. बाळू खुर्चीत बसला. कंपाउंडर माझ्या मागे उभे राहून दटावत होते, "हसू नगंस. लायसन हाय, लगीन न्हाई." त्यावर तो आणखीच हसला आणि मी बटण दाबलं. फोटो कागदांबरोबर गेले, लायसन यायचं राहिलं. फिलम माझ्याकडे राहिली.

ते दुष्काळाचं वर्ष. पाट कितीतरी दिवस कोरडा पडला होता. एका दुपारी पाणी सुटलं आणि गावातली सगळी तरणी पोरं पाटाकडे धावली. एवढ्या दिवसांनी पाणी बघितल्यावर कोण काठावर उभं राहतंय? बाकीची पोरं वर आली. बाळू पाटाच्या खालच्या दारापाशी अडकलेला सापडला.

कंपाउंडर रडले नाहीत. त्याचे दिवस झाले तसे दवाखान्यात रुजू झाले. टाके घालताना टाका वाकडा गेला नाही, औषध मोजताना चूक झाली नाही. लोक म्हणाले, काळीज दगडाचं आहे. मला तसं वाटलं नाही. समोरच्या माणसाकडे ते बघायचे, पण बघणारं आत कुणी नसायचं. टिचकी मारायचंही थांबलं होतं. मी एकदा विचारलं, "कसं काय, कंपाउंडर?" म्हणाले, "काय न्हाई. काईच हुत न्हाई."

मग एका सकाळी वहिनी आल्या, बाळूची आई. पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, "भावजी, त्याचा येक बी फोटू घरात न्हाई. तुमच्यापाशी फिलम हाय म्हनं. मोठा करून द्या. भितीला लावीन."

मी संध्याकाळपर्यंत देतो म्हणालो. फिलम शोधून टेबलावर ठेवली आणि कंपाउंडर आत आले. टेबलाकडे न बघता म्हणाले, "त्याची फिलम द्या."

"वहिनींना फोटो हवाय. आजच करतोय."

"फोटू नगं. फिलम."

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हीही फिलम ते धुणार होते. त्या पोराची दुसरी छबी कुठेच नव्हती. मी म्हणालो, "आधी वहिनींसाठी फोटो काढतो. मग न्या."

ते बाकावर बसले. "काढा. मला दावू नगा."

मी डार्करूममध्ये गेलो. कागदावर बाळू हळूहळू वर आला, हसत. बाहेर येऊन फिलम त्यांच्या हातात दिली. त्यांनी गरम पाणी मागितलं, खिशातून सोड्याची पुडी काढली आणि माझ्याच तसराळ्यात फिलम सोडली. मी तोंड फिरवायला हवं होतं. फिरवता आलं नाही. कपाळ सुटलं, मग हसू सुटलं, मग सगळा चेहराच एका बाजूला घसरला आणि पाण्यात त्याचा काळा गाळ झाला. मला ओरडावंसं वाटलं. कंपाउंडर शांतपणे कोरी फिलम पुसत होते.

"त्याला गाडी चालवायची हुती," एवढंच बोलले आणि गेले.

त्यानंतर ते रोज दुपारी गाडी काढायचे. श्रीरामपूरपर्यंत जायचे, चहासुद्धा न घेता परत यायचे. शेजारी कुणाला बसवायचे नाहीत. घरात वहिनींनी फोटो लावला होता, तर यांनी आपली बाज ओसरीवर आणली.

कंपाउंडर असेच गेले, दोनेक उन्हाळ्यांनी, झोपेतच.

वहिनींना गाडीचा काय उपयोग? केडगावचं एक गिऱ्हाईक आलं. वहिनींची अट एकच होती. "गाडी न्या. तेवढं स्टेरिंगचं चाक काढून ठिवा." गिऱ्हाइकाला नाहीतरी ते बदलायचंच होतं. त्याने दुसरं स्टिअरिंग बसवलं आणि मोटार धूळ उडवत गेली.

मी गेलो तेव्हा वहिनी ओट्यावर बसल्या होत्या, स्टिअरिंग मांडीवर. मला बघून सरकून बसल्या.

"जायच्या आधी आठ दिस सांगितलं त्यांनी मला. त्यात तो हाय म्हनून," त्या म्हणाल्या. "भावजी, तुमच्या म्होरंच धुतलं ना त्यांनी? मग ह्यातला आमच्या बाळूचा तडा कंचा?"

मी स्टिअरिंग हातात घेतलं. उजेडात धरलं, तिरपं केलं, बोट फिरवून बघितलं. कंपाउंडरनी सगळं घासून एकजीव केलं होतं. सरपंच कुठे, नवरी कुठे, बाळू कुठे, काही पत्ता लागेना.

"नाही सांगता येत, वहिनी."

"व्हय का," त्या म्हणाल्या. रडल्या नाहीत. स्टिअरिंग परत मांडीवर घेतलं आणि एका बाजूने त्याच्यावरून हात फिरवू लागल्या, सावकाश, सगळ्यावरून.